मारव्याच्या जागी भूप

१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी तुला बोबडा वाटतो, म्हणून आपलं पत्रच बरं. चष्म्याचं दुकान ठीक चाललंय.

आपल्या ऑनलाइन ‘कानसेन’ गटात गेले दोन रविवार तुझा राग चुकला आणि इथे माझाच जीव खालीवर झाला. उत्तर लिहायचं नाही, गुणगुणूनच दाखवायचं, हा नियम तुझाच. आजवर सगळ्यांच्या आधी तूच गुणगुणायचीस. या वेळच्या कोड्याचं रेकॉर्डिंग गटातल्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे धाडलंय, रविवारी ते वाजवणारा मीच ना. भूप आहे. कुठे बोलू नकोस.

तुझा लाडावलेला,
भाऊ

१७ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी शिलाई मशीन बंद करून, दार लावून बसले. तू वाजवलंस. मला डब्यात खडे हलवल्यासारखी नुसती खरखर आली. तरी डोळे मिटून, मान डोलावून मी भूप गुणगुणले. डोळे उघडले तर पडद्यावर सगळ्यांच्या भुवया वर.

डॉक्टरांना भूप सोपा वाटला म्हणून त्यांनी ऐनवेळी त्याच्या जागी मारवा धाडला, हे तुझ्या निरोपावरून कळलं. मारवा! तो तर मी झोपेतही ओळखायचे. बँकेतल्या बाईंनी गटावर लिहिलं, पेपर फुटलेला दिसतो, पण भलताच.

माझे कान वर्षभर कुरकुरतायत. तुला संशय आला होता, मग सरळ विचारायचंस. लोकांना नीट दिसावं हा तुझा धंदा, आणि घरचंच तुला दिसू नये? तिसऱ्यांदा चुकले असते तर कुणीतरी विचारलंच असतं, आणि मीही सांगून मोकळी झाले असते. मोह मलाही झाला, नाही म्हणत नाही. पण आता मी बहिरी नाही, लबाड ठरले. गट सोडलाय.

रागावलेली, तरी आशीर्वादात काटकसर न करणारी,
ताई

२३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात दुसऱ्याच्याच काचा बसवल्या. तुझी लाज राखायला गेलो आणि चारचौघांत घालवून बसलो. करायला गेलो गणपती, झाला मारुती. फार वाईट वाटतंय गं.

काल गटात सगळ्यांना सांगितलं, पेपर मीच फोडला, आणि तुझ्या कानांपायी फोडला. बाईंचे डोळे भरून आले. डॉक्टर म्हणाले, ताईंशिवाय कोडं घालायचं तरी कुणाला?

कान दाखवून ये. फोनवर मी स्वतः गुणगुणून पाठवलंय, फक्त तुझ्यासाठी कोडं. या वेळी उत्तर सांगणार नाही, तुझी शपथ.

कान धरून उभा असलेला,
भाऊ

२ जुलै

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

शेजारणीबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. यंत्र लावलं की बोलणं समजेल, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. गाण्याचं विचारलं, तर पेनाचं टोपण लावून ठेवलं.

बाईंचा माफीचा निरोप आला. परत या म्हणतात. येऊन काय करू, नुसती मान डोलावू? त्यांच्यावर राग नाही, सांग त्यांना.

तुझं कोडं आधी तसंच ऐकलं, मग त्यांनी वापरून बघायला दिलेलं यंत्र लावून. आवाज तुझा आहे, एवढं ओळखलं. मधे श्वास घेतोस, तेही कळलं. सूर मात्र एकही लागला नाही रे हाताला.

लोभ आहेच, तो कानांवर अवलंबून नाही. त्या कोड्याचं तेवढं कळव. आता उत्तर सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
ताई