सीडीचं शुद्धिपत्र

३ मार्च, सोमवार

बारापैकी नऊ संगणक आजारी! वाचनालयात कुणी पडद्यावरचं चित्र बदलतं, कुणी फायली उडवतं, कुणी काय काय भरून ठेवतं, देव जाणे. ग्रंथपालबाई हात जोडून म्हणाल्या, "रोज सकाळी कोरी पाटी मिळेल असं काहीतरी करा हो." जमेल! लिनक्सची लाइव्ह सीडी. सीडी घातली की संगणक तिच्यावरूनच चालतो, बंद केला की दिवसभराचा सगळा उद्योग पुसला जातो. मी सीडीवर जे घालीन तेवढंच टिकणार.

पूर्वी अशी सीडी बनवायची तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसायचं. एक अक्षर चुकलं की मेहनत पाण्यात. आता खिडक्या-बटणांचं साधन मिळालंय. माझा संगणक हवा तसा सजवायचा, नको त्या प्रोग्रामची खूण काढायची, बटण दाबायचं, की त्याची सीडी तयार. स्वयंपाकापेक्षा सोपं. निदान माझ्या स्वयंपाकापेक्षा.

४ मार्च

बाबा आज दिवसभरात चार शब्द बोलले. मोजले मी. "हं", "बरं", "नको", पुन्हा "हं". आई गेल्याला सहा महिने झाले, तेव्हापासून हे असंच. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस! घरी औषधाच्या खोक्यावरचं ऱ्हस्व-दीर्घसुद्धा लाल पेनानं सुधारायचे. आता खिशात पेनच नसतं.

आणि मी तरी कुठे बोलते? इथे लिहिते. फायलीचं नाव मुद्दाम 'किरकोळ' ठेवलंय, म्हणजे कुणी उघडणार नाही. तर लिहूनच टाकते. त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन आला. मी कामात होते, वैतागले होते — कापला. साडेअकराला ती स्वयंपाकघरात कोसळली. तिला बरं वाटत नसणार. मला बोलवायचं असणार. आणि मी कापला!

बाबांना हे माहीत नाही. सांगायला हवं. रोज ठरवते, आणि तोंडातून "चहा घेणार का?" एवढंच निघतं.

५ मार्च

साधन शिकायला म्हणून आधी माझ्याच संगणकाची एक नक्कल काढून पाहिली. शेवटच्या खिडकीत विचारतं — "माझ्या फायलींसकट" की "इतरांसाठी, कोरी"? फायलींसकट काढली. झकास झाली.

७ मार्च

वाचनालयाची सीडी तयार! शब्दकोश, टंकलेखन, बातम्या, मागे पुस्तकांच्या कपाटाचा फोटो. फक्त बटणांवरचं आणि सूचनांचं आयतं मिळालेलं मराठी भयंकर आहे. एकदम सुचलं. सीडी बाबांपुढे ठेवली. "यातलं मराठी तपासाल? सगळं. एक अक्षर सोडायचं नाही."

"मी आता काही तपासत नाही."

मी जेवून उठले तेव्हा सीडी मात्र टेबलावर नव्हती.

८ मार्च, शनिवार

बाहेरच्या खोलीतला जुना संगणक सुरू! त्याची डिस्क मेलीय, पण सीडीला डिस्क लागतेच कुठे. बाबा चष्मा नाकावर घेऊन बसलेत. "'फाइल कचऱ्यात हलवा' म्हणजे? कचरा हलवून काय मिळणार? 'टाका' म्हणावं!" मी किती दिवसांनी हसले.

संध्याकाळी चिडले. "सकाळच्या दुरुस्त्या गेल्या कुठे?" मी म्हटलं, बाबा, ती बंद केली की विसरते, तशीच असते. "मग कागद दे मला. आणि लाल पेन बघ कुठे आहे."

पेन सापडलं. आईच्या शिवणाच्या डब्यात.

१० मार्च

मेले!

वाचनालयासाठी बारा सीड्या काढल्या, तिथे नेल्या आणि द्यायच्या आधी एक लावून पाहिली. कपाटाच्या फोटोवर, मधोमध — 'किरकोळ'. साधनानं माझी मागची निवड लक्षात ठेवली आणि मी डोळे झाकून बटण दाबलं. फायलींसकट! बाराच्या बारा मोडून टाकल्या. पण तेरावी बाबांकडे आहे, आणि मीच सांगितलंय, एक अक्षर सोडायचं नाही.

धावत घरी. "बाबा, ती सीडी द्या. चुकीची आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "चुकीची आहे म्हणूनच तपासतोय. काम अर्धवट सोडायची सवय नाही मला."

वाचलंय की नाही? चेहऱ्यावरून काही कळेना. विचारायची हिंमत झाली नाही. लाज वाटते. भीतीही.

११ मार्च

आज एकही शब्द नाही. "हं"सुद्धा नाही. वाचलंय.

१३ मार्च, गुरुवार

नव्या सीड्या दिल्या, कोऱ्या. दोनदा तपासून. ग्रंथपालबाई खूष. मला त्याचं काही नाही.

१४ मार्च

सकाळी बाबा फिरायला गेलेत. सहा महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या कीबोर्डवर घडी घातलेला कागद. वर ठळक अक्षरांत 'शुद्धिपत्र', खाली लाल शाईत चाळीसेक नोंदी. शेवटच्या तीन इथे उतरवते.

"'निदान माझ्या स्वयंपाकापेक्षा' — बरोबर आहे. बदल नको.

'चार शब्द बोलले' — अशुद्ध. शुद्ध: सहा. सकाळी 'ऊन आलं' म्हणालो होतो, तुझं लक्ष नव्हतं.

'आईचा फोन आला' — अशुद्ध. शुद्ध: फोन तिचा, पण लावला मी होता. शब्दकोडं अडलं होतं. ती शेजारी भाजी निवडत होती, अगदी बरी होती. तू कापलास तेव्हा म्हणाली, पोरगी कामात असेल, उगाच त्रास देता तिला. आणि हसली."