प्राचीचं ‘मले’

२८ जुलै, सोमवार
प्राची शाळेतून आली. दप्तर टाकलं. "मम्मी, भूख नहीं है." आताशा घरात हिंदीच. हे ड्यूटीवरून आले ते खूश. "पाह्य, जूनमध्ये क्वार्टर भेटलं आन् पोरगी हिंदी बोलून राहिली. गावी सिहोऱ्यात राहिली असती तं?"
जन्मापासून मला माय म्हणणारी पोर. भात तसाच झाकून ठेवलाय.

३० जुलै, बुधवार
भाजीच्या गाडीवर शेजारच्या वर्षाताई हळूच म्हणाल्या, "प्राचीचा आवाज मोबाईलवर फिरून राहिला न वहिनी. मले वाटलं, तुमाले माहीत असंन."
त्यांनी ऐकवला. प्राचीचाच आवाज. नव्या शाळेतली तिची पहिली मैत्रीण रिया, तिला पाठवलेला: "रिया, सहलीचं मले काहून नाई सांगतलं वं?" कोणीतरी त्यातलं ‘मले’ तेवढं कापून घेतलंय. मागे डीजे. आणि प्रत्येक ‘मले’नंतर बकरीचं ओरडणं.
वांगी तोलायची राहिली तशीच घरी आले.

१ ऑगस्ट, शुक्रवार
विचारलं तिला. आधी भिंतीकडे बघत होती. मग, "तू ऐकलंस?"
तिच्या नावाचं खोटं अकाउंट आहे. फोटो तिचा, तोंड बकरीचं. वर्गातली मुलं तिला ‘मेंले’ म्हणतात. डबा उघडला की मागून बें बें. खाली लिहिलेलं वाचलं. गाव वापस जा. गोबर उठा. एकाने लिहिलंय, मर जा. त्याला पुष्कळांनी हसरे चेहरे दिलेत. मुलांनी टाकलेले ते पिवळे चेहरे बघून मला...
हे फोन हिसकायला धावले. प्राची किंचाळली, "नका घेऊ! मग मागं काय लिहितात तेही नाही कळणार!"
मला वाटायचं फोन काढून घेतला की संपलं. फोन काढला तर ती एकटी त्यांच्या तावडीत, एवढंच होणार.

३ ऑगस्ट, रविवार
मोठी चूक केली. पालकांच्या ग्रुपवर लिहायला बसले, बोटं चालेनात. म्हणून बोलूनच पाठवलं. "माया पोरीले काहून सतावून राहिले तुमी? तुमच्या घरी मायबोली नाई का?" रागात होते. लिहिताना माझं ‘मला’ होतं, रागात ‘मले’च येतं.
संध्याकाळी आम्ही दोघी. माझा आवाज, तिचा आवाज, मधे बकरी. नाव दिलंय ‘मायलेकी’. म्हणजे ग्रुपमधल्याच कोणाच्या तरी घरातून गेलं. कोणाच्या? सकाळी दुधाच्या रांगेत नमस्कार करतात त्यांच्यापैकीच कोणी.
प्राची रडली नाही. "तुला कोणी सांगितलं होतं बोलायला?" एवढंच, अगदी शुद्ध मराठीत. रडली असती तर बरं झालं असतं.

५ ऑगस्ट, मंगळवार
शाळेत गेलो. वर्गशिक्षिका: "मुलं आहेत, गंमत करतात. प्राचीनंही बोलणं थोडं सुधारायला हवं." हे खुर्चीवरून उठलेच. मी हात धरून बसवलं.
शाळेच्या समुपदेशक बाई वेगळ्या. काही पुसू नका, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा, उत्तर देऊ नका, अकाउंटची तक्रार करा. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मरावंसं वाटतं का, हे तिला थेट विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. आणि एकदाच विचारून थांबू नका."
येताना बसमध्ये मनात वाक्य जुळवत होते. मराठीत? हिंदीत? कसंही जुळवलं तरी ‘मर’ यायचंच त्यात.

६ ऑगस्ट, बुधवार
नाही विचारलं. वरण करपलं. ती अंघोळीला गेली की मी दारापाशी उभी. पाण्याचा आवाज थांबला की काहीतरी निमित्त काढून हाक मारते.
यांनी न सांगता तिच्या खोलीची कडी काढून टाकली. प्राची बाहेर आली, "बाबा, कडी कायले काढली?" आणि स्वतःचाच शब्द ऐकून तोंडावर हात दाबला. माझ्या पोरीनं. स्वतःच्या घरात.

८ ऑगस्ट, शुक्रवार
भंडाऱ्याला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. आधीचं अकाउंट बंद झालं होतं, पोचेपर्यंत दुसरं उघडलेलं.
रिया आईबरोबर येऊन गेली. "काकू, तिचा आवाज मी एकीलाच पाठवला होता. मजाकमध्ये." ती एकीही तेच म्हणेल. सगळ्यांनी एकेकालाच पाठवला. प्राची खोलीतून बाहेर आली नाही. मी रियाला रागावू शकले नाही. पाणी दिलं, आणि हे सगळं वर्गात सगळ्यांसमोर सांगशील का, विचारलं. तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "देखते हैं."

१० ऑगस्ट, रविवार
दुपारी पोहे निवडत होतो दोघी. ताटाकडे बघतच विचारलं. जुळवलेलं वाक्य आलंच नाही.
"तुले मरावं वाटते का, बाई?"
ती खडे वेचत राहिली. "आज नाही."
"काल?"
मग तिनं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. केसांत तेल नव्हतं कित्येक दिवस. मी हललेही नाही, हलले तर उचलून घेईल म्हणून.
समुपदेशक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तिला एकटं ठेवू नका, नागपूरच्या डॉक्टरांची वेळ घेते. यांना सांगितलं. हे बराच वेळ बूट काढायचे विसरून बसून होते.

१२ ऑगस्ट, मंगळवार
उद्या नागपूर. आजही विचारलं. "थोडं थोडं," म्हणाली. खोटं बोलली नाही, यालाच धरून आहे.
नवी गोष्ट: फोन तिनं स्वतःहून माझ्याकडे दिला. "तू वाच. मला फक्त सांग, नवीन काही आहे का. खोटं नको सांगू." कबूल केलंय.
आत्ता ती वर्षाताईंबरोबर गच्चीवर कपडे काढायला गेली आहे. फोन वाजला. आणखी एक अकाउंट, पुन्हा तीच बकरी. वाचलं. पुन्हा वाचलं.
जिन्यावर चपला वाजताहेत.
"माय, काही आलं का वं?"