माझं वकीलपत्र

१७ जुलै १९९५, दौंड

पहिला तास. पुरावा कायदा. 'प्राध्यापक माया' — सकाळी आरशात दोनदा म्हणून पाहिलं!

पाऊण तास इंग्रजीत बोलले. चांगलं बोलले. शेवटी विचारलं, काही शंका? मग मागच्या बाकावरून एकजण — "मॅडम, शंका यायला आधी काहीतरी कळावं लागतं." वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. खोलीवर येऊन रडले.

१८ जुलै १९९५

आज सगळं मराठीत. ऐकीव पुरावा म्हणजे काय? पारावर बसलेला म्हणतो, "शेळी त्यानंच नेली," आणि स्वतः पाहिलेलं काहीच नसतं. घंटा झाली तरी कुणी उठेना!

११ ऑगस्ट १९९७

प्रवेशाला एक बाई आल्या. धुरपदाबाई. वरवंडच्या अंगणवाडी सेविका, वय एकेचाळीस, मुक्त विद्यापीठातून बी. ए. प्राचार्य म्हणाले, "या वयात कशाला बाई? पोरांत बसायला अवघड वाटेल."

"अंगणवाडीत तीन वर्साच्या पोरांत बसते सायेब. ही तर मोठी हायेत."

हसू दाबायला मी उगीच फाईल उघडली.

बाहेर आल्यावर विचारलं, वकिलीच का? म्हणाल्या, "मालक गेले तवा दिरानं जमिनीच्या कागदावर माझा अंगठा दाखवला. मला सही येती, मॅडम. सातवीपसनं येती. मग अंगठा कुनाचा, आसं कचेरीत कुनी इचारलंच न्हाई."

त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस कमी झाला, इतक्या साधेपणानं सांगितलं. मला मात्र दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

३ मे १९९८

पहिलं वर्ष पास. धुरपदाबाई वर्गात तिसऱ्या!

७ फेब्रुवारी १९९९

पुण्यात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा. समोर शहरातली कॉलेजं, कडक इस्त्रीचे कोट. धुरपदाबाईंच्या अंगावर माझा काळा कोट, बाह्या मनगटाच्या वर. खोटा खटला मृत्युपत्राचा होता. साक्षीदार झालेला मुलगा ठसक्यात म्हणाला, "मी अंगठा पाहिला."

"अंगठा पाहिला, का अंगठा देनारा मानूस पाहिला?"

मुलगा हातातला कागद चाळायला लागला. कागदात उत्तर नव्हतं! परीक्षक म्हणून आलेल्या निवृत्त न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

पहिला नंबर. आम्ही! दौंडकर!

परतीच्या जीपमध्ये यवत आलं तशा बाई म्हणाल्या, "मॅडम, दोन दिस पोटात अन्न न्हाई. आता जेवू." सहाजणांनी भाकरी-मटण हाणलं. मी इतकं कधी जेवले नव्हते.

१९ डिसेंबर २०००

धुरपदाबाईंना वकिलीची सनद मिळाली. दौंड कोर्टाच्या आवारात टेबल टाकलं. पाटी दुपारपर्यंत लागलीसुद्धा.

२३ जून २००३

सुट्टीनंतरचा पहिला दिवस. हजेरीपटावर माझं नाव नाही. क्लार्क खंडू मान वर करेना. "मॅडम, तुमचा राजीनामा मंजूर झालाय."

कुठला राजीनामा!

दाखवला. तारीख २८ मे. सही हुबेहूब माझी. पण मी केलेली नाही.

संस्थेचे अध्यक्ष पोपटराव खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "आठ वर्षं केलंत की. पृथ्वीराज आमचा भाचा, पुण्याहून शिकून आलाय. त्यालाही जागा पाहिजे ना?"

कायदा शिकवणारी मी. आणि नमस्कार करून बाहेर आले!

२५ जून २००३, शिरूर

घरी आले. आबा शिरूर कोर्टात तीस वर्षं शिपाई होते. सगळं ऐकून घेतलं, चहाची बशी खाली ठेवली. "कागद आन, माया. समदे कागद. मानूस बिचकतो, फाईल न्हाई बिचकत."

आई म्हणाली, "आधी जेवू द्या तिला."

दोन वकिलांना भेटले. दोघंही म्हणाले, संस्थेच्या विरोधात नको.

२७ जून २००३, दौंड

सकाळी दार वाजलं. धुरपदाबाई. हातात वकीलपत्र.

"हितं सही करा. अंगठा नगं."

किती दिवसांनी हसले!

९ मार्च २००४

पुण्याला न्यायाधिकरणात सुनावणी. पोपटरावांनी शपथपत्रावर सही करून सांगितलं — मॅडमनी २८ मे रोजी सकाळी अकरा वाजता दौंडला, माझ्या हातात राजीनामा दिला.

धुरपदाबाईंनी आधी विद्यापीठाचा हजेरीचा कागद पुढे केला. त्या आठवड्यात मी पुण्यात पेपर तपासत होते. २८ तारखेला माझी सही, वेळ दहा चाळीस; तिथून दौंड दोन तास. मग कॉलेजनं मला त्या कामासाठी सोडल्याचं पत्र दाखवलं.

"ह्या पत्रावर सही कुनाची, सायेब?"

पोपटरावांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "माझी."

"मॅडमला पुण्याला धाडलं म्हनून तुमी सही करता. मॅडम दौंडला हुत्या म्हनूनबी तुमीच सही करता. तुमची कुठली सही खरी धरायची?"

मी मागच्या बाकावर. सगळी कलमं मला पाठ. पण असं उभं राहून विचारणं — ते मी फळ्यापुढे शिकवलं, केलं कधीच नाही. आनंद झाला, पोटभर. आणि हेवाही वाटला. इथे खोटं कशाला लिहू!

२ ऑगस्ट २००४

जिंकलो!! राजीनामा बनावट. मी पुन्हा रुजू, सेवेत खंड नाही. आबांनी फोनवर निकाल तीन वेळा वाचून घेतला. तिसऱ्यांदा मधेच फोन आईच्या हातात दिला.

९ ऑगस्ट २००४

वर्गात पाय ठेवला आणि सगळी पोरं-पोरी उभी राहिली. शिट्ट्या! खंडूनं दारातच पेढा तोंडात कोंबला. म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मान वर करायला पाहिजे होती मी."

६ सप्टेंबर २००४

संस्थेनं पोपटरावांना बाजूला केलं. नवीन अध्यक्ष भागुबाई स्वतः स्टाफरूममध्ये आल्या. "प्राचार्य निवृत्त होतायत. सगळ्यांचं म्हणणं, तुम्हीच व्हा."

दौंडच्या लॉ कॉलेजची पहिली बाई प्राचार्य! आईला सांगितलं तर तिनं गल्लीभर सांगितलं.

भागुबाईंकडे महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

१ ऑक्टोबर २००४

राजीनामा दिला. प्राचार्यपद नको म्हटलं. भागुबाईंनी दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं — मलाही कोर्टात उभं राहून विचारायचंय. रोज एक तास शिकवायला येईन, तेवढं नियमात बसतं. नोकरीमुळे बंद ठेवलेली माझी सनद चालू करून घेतली. सोमवारपासून दौंड कोर्ट — ॲडव्होकेट धुरपदाबाईंची ज्युनियर.