योगीराजचे वडील

के. आर. पुरम, बेंगळुरू
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. प्रांजलीला आजीचा पोटभर आशीर्वाद.

तुला नोकरी लागली म्हणून मी सगळ्या गल्लीत म्हैसूरपाक वाटला. शेजारची धनलक्ष्मी म्हणते, "अज्जी, नातीला पाळण्यात बघितलंस ते शेवटचं, आणि एवढा तोरा?" मी म्हटलं, "तोरा करायला बघावं कशाला लागतंय?"

माझी शाळा निपाणीला चौथीपर्यंत, तेव्हा अक्षर जुळवून वाच. फोनवर मी तुला जेवलीस काय एवढंच विचारते, बाकीचं आतच राहतं. म्हणून कागद घेतला.

आता गंमत ऐक. होसकोट्याच्या वाटेला नदीकाठी आमची रंगाची फॅक्टरी होती ना, सुताला रंग द्यायची, तिथं बाग झालीय! तेव्हा आत जो रंग चालायचा तोच नदीला यायचा. लाल असला की म्हशीसुद्धा पाण्यात पाय घालायच्या नाहीत. आता काठानं पायवाट, बाकं, बांबू, पोरांना घसरगुंडी. पाणी अजून काळंच, पण वास स्वल्प कमी. परवा एक बगळा दिसला, मी दोघा-तिघांना बोलावून दाखवला. बसमध्ये बायकांना तिकीट नाही, म्हणून रोज जाते. जुनी चिमणी तेवढी ठेवलीय, तिच्याखाली लोक फोटो काढतात. मोठी टाकी बुजवून वर हिरवळ केलीय. तिच्यावर कुणी बसायचं नाही. मीही बसत नाही.

टाकीपाशी एक दगड उभा केलाय. फॅक्टरीत कामावर असताना जे गेले, त्यांची नावं त्याच्यावर. जुने कागद मिळेनात, म्हणून बागेच्या ऑफिसातली एक पोरगी वही घेऊन घरोघर आली. "अज्जी, यजमानांचं नाव सांगा." धनलक्ष्मी घरी असती तर तिनं सांगितलं असतं. लग्नातला उखाणा सोडला तर मी त्यांचं नाव तोंडानं घेतलेलं नाही. म्हटलं, "योगीराजचे वडील." तिनं लिहून घेतलं आणि गेली.

गेल्या सोमवारी धनलक्ष्मीला घेऊन गेले. दगडावर कानडी, मला कुठलं येतंय. ती वाचत वाचत थांबली. "अय्यो अज्जी, हे तुझ्या मुलाचं नाव! जित्या माणसाला दगडावर घातलंस!" ती हसली. मीही हसले.

बागेचे साहेब हयवदन म्हणून आहेत, चांगला माणूस. म्हणाले, "अज्जी, तुमच्या सांगण्यावरून नाव कसं पुसू? ज्याचं नाव आहे त्यानं आधार कार्ड घेऊन स्वतः यावं." मी खुशीत घरी आले. म्हटलं, आता यावंच लागेल त्याला. दोन मार्चला दगडाचं उद्घाटन आहे, त्याच्या आत.

प्रांजली, तुला घरी काय सांगितलंय मला ठाऊक नाही. टाकीतला गाळ काढायची त्या दिवशी पाळी तुझ्या बापाची होती. तो तुझ्या बारशाचं कापड आणायला चिकपेटला गेला, म्हणून हे त्याच्या जागी उतरले. आतल्या वाफेनं गेले. ह्यात तुझा काही दोष नाही, तू बारा दिवसांचीसुद्धा नव्हतीस.

तेराव्याला पंगत बसली होती. मी सगळ्यांदेखत तुझ्या बापाला म्हटलं, त्यांच्या जागी तू जायला हवा होतास. तो पानावरून उठला. आठवड्यात तुम्हाला घेऊन पुण्याला गेला. बारसं तिकडंच झालं म्हणे.

आणखी एक. वर लिहिलं की पोरगी लिहून घेऊन गेली, ते पुरतं खरं नाही. जाताना तिनं वाचून दाखवलं होतं. "योगीराज. सरी ना, अज्जी?" म्हणजे बरोबर ना. मला नीट ऐकू आलं. मी म्हटलं, "सरी."

का म्हटलं, ते सांगता येत नाही. राग नव्हता. काहीच नव्हतं. बावीस वर्षं तसंच आहे, सण आला तरी आणि कुणी गेलं तरी. धनलक्ष्मीनं नाव वाचल्यावर दगडावर हात फिरवून बघितला. ऊन होतं, दगड तापला होता. दुसरं काही वाटलं नाही. मग आम्ही बस पकडली.

हे पत्र त्याला सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस. मी तेव्हा बोलले ते वाईट बोलले, हेही वाच. माझ्याच्यानं त्याच्यासमोर म्हणवणार नाही. घरी नाही आला तरी चालेल, नुसतं बागेत ये म्हणावं. मी बाजूच्या बाकावर बसेन, हाकसुद्धा मारणार नाही. त्यानं साहेबांना कागद दाखवावा आणि मोठ्यानं सांगावं की मी जिवंत आहे. तेवढं मला माझ्या कानांनी ऐकायचंय.

तुझी आजी, आणि त्याला चालत असेल तर त्याची आई,
ठकुबाई