नाव अडकलंय

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रलंबित!

एवढा एकच शब्द आला संगणकावर. मंजूर नाही, नामंजूरही नाही — प्रलंबित. म्हणजे लोंबत ठेवलंय मला. बंदुकीच्या दुकानदाराने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. "होतं असं कधीकधी, ताई. नव्या नियमाने परवान्याचा अर्ज दुकानातूनच जातो, आम्ही फक्त नाव वर पाठवतो. आधीचा काही गुन्हाबिन्हा आहे का ते तिकडे तपासतात. लोकांचा चहा संपायच्या आत उत्तर येतं."

माझा चहा संपला. दुसराही संपला. माझ्या मागून आलेला एक टकल्या शिकारी लांबलचक बंदूक काखेत मारून शीळ घालत गेला. आणि माझं पिस्तूल, निवडलेलं, हातात तोलून बघितलेलं, परत तिजोरीत!

साठीला आलेली बाई मी. जन्मभर लोकांचे सोफे उसवले नि शिवले. स्टेपल गन रोज चालवते, तिच्यासाठी कोणी माझं चारित्र्य तपासलं नाही कधी.

पण हसायला येत नाहीये. माझ्या लेकीच्या, बारकीच्या हाताचं प्लास्टर निघालं, तरी डावा हात खांद्याच्या वर जात नाही. रविवारी जावईबापू आमच्या गाळ्याच्या — पुढे काम, मागे घर — दारात येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. "तिला सांगा, दोन्ही हात मोडायला हवे होते. मग दार उघडून पळता आलं नसतं." हसत म्हणाला. हसत!!  बारकी आत फोम कापत होती. तिने ऐकलं. सुरी थांबली, परत चालू झाली.

म्हणून पिस्तूल. हौस म्हणून नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

फोन नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासणी कार्यालयाला फोन लावला. बासरी ऐकवतात! 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' मग उचला की! शेवटी एक पोरगेला आवाज — "मॅडम, तुमचं नाव अडकलंय." कशात? "ते इथून दिसत नाही." कुठून दिसतं? "ते सांगता येत नाही." मग तुम्ही तिथे बसलात कशाला? फोन कट.

रागाच्या भरात डॉक्टरांच्या आरामखुर्चीची पाठ उलटी ठोकली. सगळी उसवावी लागली.

त्यात दादाचा फोन. थोरला भाऊ, म्हणजे शहाणपणाचा मक्ता त्याच्याकडे. "बंदूक? या वयात? लोक काय म्हणतील? दोघांना समोरासमोर बसवू, चार शब्द मी सांगतो, मिटवून टाकू." काय मिटवायचं, दादा? हाड मोडलंय, भांडण नाही. असं म्हणायचं होतं. म्हटलं फक्त, "गॅसवर दूध आहे," नि ठेवला फोन. घरात दूध कुठलं!

१० फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा आला. या वेळी समोरच्या फुटपाथला गाडी लावून बसला. काच खाली, कोपर बाहेर. चांगला तासभर. मी बघितलं की हात हलवायचा, लग्नाच्या मांडवात पाहुण्याला हलवावा तसा.

चौकीत गेले. तिथला हवालदार भला माणूस, उगाच खोटं कशाला लिहू. खुर्ची दिली. पण म्हणतो काय — "रस्ता सार्वजनिक आहे, आजी. गाडीत बसणं गुन्हा नाही. मुलीने तक्रार दिलीय का?"

नाही दिली.

तिथेच तर सगळं येऊन थांबतं. घरी आले ती फणफणतच. बारकी जुन्या दिवाणाच्या चुका उपटत होती, एकेक खिळा काढून डबीत टाकायचा, टण्, टण्. मी म्हटलं, "चल चौकीत. आत्ताच्या आत्ता." मान हलवली नुसती. "अगं बोल की! चार वर्षं मार खाल्लास, त्याची कुठे ओळसुद्धा नाही. हाताचं विचारलं तर डॉक्टरला सांगितलंस जिन्यावरून पडले!"

"आई, तिथे परक्या माणसांपुढे सगळं सांगायचं. कुठे मारलं, कसं मारलं, आधी काय बोलला. मला आठवायचंच नाहीये."

"मग मी बंदूक घेऊन दारात बसते जन्मभर, चालेल?"

"मी कुठे म्हटलं घे?"

टण्.

माझ्या तोंडून गेलं — तुझ्या या गप्प बसण्यानेच तो माजलाय. तिने डबी खाली ठेवली आणि आत गेली. जेवली नाही. मीही नाही. दोन माणसांचं घर, आणि दोघी दोन भिंतींकडे तोंड करून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानदाराला विचारलं. प्रलंबित. माझा आवाज ऐकूनच आता तो "अजून नाही हो ताई" म्हणतो, नमस्कारही राहतो बाजूला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कळलं! तळपायाची आग मस्तकात गेलीय, पेन कागदात रुततंय.

सकाळीच गाळा बारकीवर सोडून — बाहेरून कुलूप, आतून कडी — थेट तपासणी कार्यालयात गेले. पहिली खिडकी म्हणे दुसरीकडे जा, दुसरी म्हणे जेवणानंतर या. तिसऱ्या खिडकीत एक बाई होती, चष्म्याला साखळी लावलेली. तिला म्हटलं, "बाई, मी इथून हलणार नाही. उचलून टाकायचं तर माणसं बोलवा, माझं वजन बरंच आहे." तिला हसू आलं. मग बटणं दाबली.

"तुमच्या नावावर तक्रार आहे. मारहाणीची धमकी आणि मालमत्तेचं नुकसान. निकाल लागलेला नाही, म्हणून अर्ज पुढे सरकत नाही."

माझ्या नावावर! मारहाण! मला वाटलं दुसरी कोणी असेल. मग तिने तारीख सांगितली, आणि लख्ख आठवलं.

बारकीला आणायला गेले तो दिवस. ती चपलांशिवाय फाटकात उभी, हात पोटाशी धरलेला, कोपर भलतीकडेच वळलेलं. माझ्या टेम्पोपुढे जावयाने स्वतःची गाडी आडवी घातली. म्हणे, ही इथून जाणार नाही. कामावरून तशीच उठून गेले होते, कमरेला हातोडी. ती घातली त्याच्या गाडीच्या पुढच्या काचेत. "हलव, नाहीतर पुढची टाळक्यात," म्हणाले. म्हणाले ते खरं आहे. आणि हलवली त्याने गाडी!

दुसऱ्याच दिवशी हा बहाद्दर जाऊन तक्रार देऊन आला. मला एका शब्दाने कोणी विचारलं नाही. त्याच्या काचेची नोंद झाली. माझ्या लेकीच्या हाताची कुठेच नाही!

खिडकीवालीला हे सगळं सांगितलं. मागे रांग तटलेली, तरी ऐकलं तिने. म्हटलं, "आता त्याचं नाव टाका. काय येतं बघू." म्हणाली, "दुसऱ्याची माहिती देता येत नाही, मावशी." मग चष्मा काढून हळूच — "पण कोणी तक्रारच केली नसेल, तर तिथे येणार काय?"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, वकील गाठा, तक्रार निकाली काढून घ्या. किती दिवस लागतील? "दिवस नाही हो, महिने."

बारकीला हे सांगितलं नाही. हातोडीवरून तक्रार झालीय तेही नाही. का नाही, ते माझं मलाच कळेना. तिला वाटायचं, 'आईवर हे माझ्यामुळे आलं.' वाटतंच आहे तिला तसं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जे झालं ते आहे तसं लिहिते.

बारकीला मास्तरीणबाईंकडे बसवून दुकानात गेले होते. भांडायलाच. वाटेत वाक्यं जुळवत होते. दार ढकललं, तर काउंटरला रेलून जावईबापू! पुढ्यात चहाचा कप, अर्धा भरलेला, वाफ निघतेय अजून. बाजूला काळी पेटी.

"या या, सासूबाई! तुमचं झालं का? आमचं तर झालं बुवा लगेच."

दुकानदार एकदा त्याच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. मी त्यालाच विचारलं — "याला दिलंत?"

"मंजूर आलं, ताई. नावावर काहीच नाही. माझ्या हातात काय असतं..."

"घरातली म्हातारी माणसं शस्त्रं शोधत फिरतात," जावई दुकानदाराला सांगतोय, अगदी खेळीमेळीत, "मग आपणही काळजी घ्यायला नको? हातोडीने काच फोडतात हो या. विचारा."

मी दुकानदाराला म्हटलं, "हाच. ज्याच्यासाठी मला हवं होतं, तो हाच माणूस. लेकीचा हात मोडलाय याने. ऐकलंत ना?"  दुकानदाराने पेटीवर हात ठेवला, म्हणाला, "साहेब, एक मिनिट जरा." जावयाने तो हात बोटाने बाजूला सारला, केस उचलावा तसा. "पैसे घेतलेत, मंजुरी आली. काही अडचण? वर कळवू का?" पेटी उचलली. दारात माझ्या कानाशी वाकून — "बारकीला नमस्कार सांगा."

चहा तसाच टाकून गेला. मी तो कप उचलून भिंतीवर फोडला. दुकानदार फडकं घेऊन आला. वाकताना म्हणाला, "आपल्यालाही मुली आहेत हो, ताई." असतील! असतील ना! काय करू मी तुमच्या मुलींचं!

घरी येऊन बारकीला सगळं सांगितलं. आरडाओरडा करत सांगितलं, हातोडीच्या तक्रारीसकट, माझ्या नावासकट, त्याच्या मंजुरीसकट. ती एकदाच बोलली.

"म्हणजे त्यांच्या लेखी वाईट तू आहेस?"

"हो! मीच! आणि तो सज्जन!"

ती टेबलावरचे फोमचे तुकडे गोळा करत राहिली, कितीतरी वेळ.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गाळ्याला कुलूप. दादाला फोन केला, काही दिवस तुझ्याकडे येतो दोघी.  मग म्हणतो — "पिस्तूल घेतलंय म्हणतेस त्याने... इथे घरात सुनबाई आहे, नातवंडं आहेत. तूच विचार कर." समोरासमोर बसवणार होता ना? चार शब्द सांगणार होता! कुठे गेले ते चार शब्द?

बॅगा भरल्यात. कुठे जायचं ठरलेलं नाही. बारकी म्हणाली, "आई, किती ठिकाणी पळायचं?" मी खेकसले तिच्यावर. पुन्हा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

त्याचं पिस्तूल पोलिसांनी जमा केलं. त्यालाही घेऊन गेलेत.

मी काही केलं नाही. सकाळी उठले तर बारकीचं अंथरूण रिकामं, दाराला कडी नाही.  अनवाणी धावत चौकीत गेले, ती हरवली म्हणून सांगायला. ती तिथेच होती. हवालदाराशेजारी एक बाई अधिकारी लिहून घेत होत्या, आणि बारकी बोलत होती. न थांबता. शर्टाची बाही वर करून दाखवत होती.

अधिकारी बाईंनी मला विचारलं, "आपण कोण?" मी तोंड उघडायच्या आत बारकी म्हणाली, "माझी आई. तिला बाहेर बसू द्या. ती रडेल, आणि मला सगळं नीट सांगायचंय."

बसले बाहेर.