आक्का, तुझं बारशाचं कार्ड मिळालं

प्रिय आक्का,

तुझं कार्ड मिळालं.

काल तुझ्या तेराव्याचं सगळं आवरून आम्ही दोघं बेळगुंदीहून निपाणीला परत आलो. कुलूप काढून दार ढकललं तर खाली काहीतरी अडकलं. यांनी वाकून पाकीट उचललं, पुढून-मागून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. पाकिटावर तुझं अक्षर! माझ्या नावातला 'सु' नेहमीसारखाच दीर्घ.

मी तिकडं तुझ्या तेराव्याच्या पंगतीत वाढत होते आणि इथं बंद दाराआड तुझं बोलावणं पडून होतं. हे कसं सोसायचं गं?

कार्डावर नेच्याचं वाळलेलं पान चिकटवलंयस. आत चार ओळी. 'सूमन, नातीचं बारसं ठरलंय. दोघांनी यायचं. बाळाला पाळण्यात तूच घालायचं. सगळ्यास्नी सांगून ठेवलंय. मालन.'

मी उभ्यानंच ते तीन-चार वेळा वाचलं आणि उंबऱ्यातच खाली बसले. "पाणी देऊ का?" हे विचारत होते.

दर रविवारी आपण फोनवर तासभर बोलतो. गेल्या वेळी बाळाची नखं, बाळाची शी, बाळाचं जावळ, सगळं सांगितलंस. मग हे एवढंच का सांगितलं नाहीस? तोंडानं सांगायचा धीर झाला नाही, होय ना?

आक्का, मला अजून खरं वाटत नाही. त्या मंगळवारी मी शाळेत होते. अकराला तुझ्या नीलेशचा फोन आला. "काकू, आई पडली. गोठ्यात पडली. बोलत न्हाय. आमी बेळगावला नेतोय." मी तशीच निघाले, मिळाली ती बस पकडली. संकेश्वर मागं पडलं आणि परत फोन आला. नीलेश काही बोललाच नाही. नुसता रडत होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता, हे मला नंतर कळलं.

मग मी काय केलं, माहीत आहे? मी उठून कंडक्टरला म्हटलं, "गाडी थांबवा, मला उतरायचंय." मला वाटलं, मी पोचलेच नाही तर ते खरं होणार नाही. एवढी शिकलेली बाई मी! तो बिचारा कन्नड माणूस. माझं तोंड बघून त्यानं विचारलं, "एनाय्तु, अक्का?" काय झालं, अक्का? त्यांच्याकडंही अक्काच म्हणतात ना! ते ऐकलं आणि मी भर बसमध्ये त्याच्या खांद्याला धरून ओरडले.

त्यानंतर मात्र डोळ्यांत पाणी आलं नाही. तुला नेलं, तेव्हाही नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा चहा करताना मी सवयीनं हाक मारली, "आक्का, तुला साखर किती घालू?" माझ्या हातात तुझा कप तसाच.

तुझं-माझं असं सख्य होतं, हे नवीन माणसाला पटेल. पण आपल्याला माहीत आहे, चोवीस वर्षं आपण एकमेकींशी धड बोललो नव्हतो.

तू थोरली जाऊ, मी धाकटी. लग्न होऊन आले तेव्हा मी तुला 'ए आक्का' म्हणायची. मग नीलेशचं बारसं झालं. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, एक मूल पोटातच गेलं होतं. त्या दिवशी मी नीलेशला मांडीवर घेऊन त्याचं टोपडं नीट करत होते. पाळण्यात घालायची वेळ झाली. मी उठले. आपल्या नवऱ्यांची आत्या समोर बसली होती. तिनं तुझ्याकडं नुसतं बघितलं. आणि तू पुढं येऊन बाळाला माझ्या हातातून काढून घेतलंस. "दे इकडं," एवढंच म्हणालीस. साऱ्या बायकांच्या देखत.

त्या दिवसापासून मी तुला 'अहो' म्हणू लागले. अहो आक्का, जेवलात का? अहो आक्का, येतो आम्ही. सणाला यायचं, हळदीकुंकू घ्यायचं, निपाणीला परत जायचं. मला पुढं मूल झालं नाही. आणि मी नीलेशला पुन्हा कधी उचललं नाही. त्याचा त्यात काय दोष होता? पण नाही उचललं.

मग तो लॉकडाऊन. मामंजींच्या वर्षश्राद्धाला मी एकटी दोन दिवस आधी आले आणि अडकले. हे निपाणीत, मी बेळगुंदीत. देवा, हिच्याबरोबर एका स्वयंपाकघरात किती दिवस काढायचे, असं झालं होतं मला! पहिला आठवडा आपण भांड्यांच्या आवाजातच बोललो.

एका सकाळी तूच म्हणालीस, "चल गं, डोंगराकडं जाऊन येऊ. शेताकडं जातोय म्हटलं की कोण आडवीत न्हाय. घरात बसून बसून माझं डोस्कं फुटाय लागलंय."

मी 'नाही' म्हणणार होते. पण चप्पल घातली.

रताळ्याची शेतं ओलांडून काजूच्या बागेतून आपण वर गेलो. तू पुढं, मी मागं. बोलणं नाही. कुड्याची पांढरी फुलं आली होती, त्यांचा वास येत होता. तू एक घोस तोडून माझ्या हातात दिलास. दुसऱ्या दिवशी बहावा दाखवलास. तिसऱ्या दिवशी करवंदं काढताना तुझं पातळ काट्यात अडकलं. मी सोडवायला गेले तर माझाही पदर अडकला. आपण दोघीही हसलो. किती वर्षांनी गं!

कार्डं करायचं माझ्या डोक्यात आलं. माझ्या चौथीच्या वर्गातली पोरं, त्यांच्या आया तंबाखूच्या वखारीत कामाला. घरात फोन नाही, शाळा बंद. त्यांना काहीतरी पाठवावं वाटत होतं. पण कागद आणायचा कुठून? सगळी दुकानं बंद. तू आत गेलीस आणि एक खोकं आणून माझ्यापुढं ठेवलंस. नीलेशच्या लग्नाच्या पत्रिका! लग्न पुढं ढकललेलं, पत्रिका छापून तशाच पडलेल्या.

"आतली बाजू कोरी हाय. काप," म्हणालीस.

"अहो, पण लग्नाच्या पत्रिका..."

"तारीख गेली त्याची. आता काय चुलीत घालू? फकस्त गणपतीवर कात्री चालवायची न्हाय."

म्हणून सगळ्या कार्डांच्या कोपऱ्यात गणपती राहिला. फुलं-पानं जुन्या पंचांगांत घालून वर पाटा ठेवायचा. कणकेची खळ करायची. कुसुंबाची लाल पालवी, पिंपळाची जाळी झालेली पानं, काटेसावरीचा कापूस. तुझ्या बोटांना काय कळायचं, कोण जाणे! मी चिकटवलेलं फूल मेलेलं दिसायचं, तू चिकटवलेलं झाडावर असल्यासारखं. सातवीतून शाळा सोडलेली तू, मजकूर मात्र मला सांगायचीस. "सगळ्यास्नी तेच तेच नगं लिहू. त्या पोरीला गाणं येतं म्हणालतीस न्हवं, तिला गाण्याचं ईचार." तू आपली गावच्या रीतीनं, पुरुषासारखी 'मी गेलतो, मी आलतो' म्हणायचीस आणि मी मास्तरीण तुला हसायची. कधी 'अहो' गळून पडलं आणि कधी मी तुला परत 'ए आक्का' म्हणू लागले, मला कळलंच नाही. तुला कळलं होतं का?

मग ती सकाळ. कुसुंबाखाली तू पानं वेचत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सुमन, नीलेशच्या बारशाला मी त्याला तुझ्या हातातनं काढून घेतलं. ध्यानात हाय तुझ्या?"

मी हातातलं पान पिशवीत ठेवलं.

"आत्त्याला भ्यालो मी. बाळाला कायतरी हुईल म्हणून बी भ्यालो. तुझं तोंड बघितलं तवाच कळलं, लई वाईट केलं. पर परत कसं द्यायचं? चोवीस वरसं झाली, रोज दिसतंय मला ते. माझं चुकलं गं."

आक्का, मी काय उत्तर दिलं? "चल, ऊन व्हायला लागलं," म्हटलं आणि उतरायला लागले. मागं वळून बघितलंही नाही. तू पिशवी उचलून मुकाट्यानं मागून आलीस. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. मीही नाही.

नंतर सगळं छानच झालं, हे खरं. पोरांना कार्डं पोचली. शाळा सुरू झाल्यावर एका पोरीनं आपलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला दाखवायला आणलं. नीलेशचं लग्न झालं. दर सुट्टीत मी यायची, आपण डोंगरावर जायचो. दिवाळीनंतर जांबोटीच्या रानात जायचं ठरलं होतं. तिकडची बस चुकली तर चालत येऊ म्हणालीस. पण त्या सकाळचं माझं उत्तर राहिलंच. मला वाटायचं, आपल्यात आता बोलून दाखवायचं काय उरलंय? तू मात्र वाट बघत होतीस, होय ना? पाच वर्षं.

आज सकाळी मी नीलेशला फोन केला. कार्ड वाचून दाखवलं. त्यानं ते परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "काकू, तुला आईनं सांगितलं न्हाय? घरात लई वाजलं त्यावरनं. आत्त्याआज्जी म्हणाली, जिची कूस उजवली न्हाय तिच्या हातात लेकरू कसं द्यायचं? आईनं हातातली परात खाली आपटली. म्हणाली, तवा तुमचं ऐकलं, आता न्हाय. सुमनच्या हातनं व्हणार न्हायतर बारसं व्हणार न्हाय."

तू? आत्याच्या पुढं? जिच्यासमोर तू कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाहीस! आणि मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाहीस. नुसतं पान चिकटवून पोस्टात टाकलंस. आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. अशी कशी गं गेलीस?

नीलेश म्हणाला, "आता आज्जी म्हणतीया वरीसभर कायबी करायचं न्हाय. मी सांगितलंय, आईनं बोलावणं धाडलंय, बारसं व्हणार. येत्या रविवारी. गाजावाजा न्हाय, घरातल्या घरात. येतीस न्हवं, काकू?"

"येते," म्हटलं. फोन ठेवला आणि तेरा दिवस अडून बसलेलं रडू आलं. हे शेजारी येऊन बसले.

आता तुझं उत्तर. खरंच सांगते. त्या सकाळी डोंगरावर मी तुला माफ केलं नव्हतं. करता येत नव्हतं, म्हणून गप्प बसले. नंतर केलं. कधी, ते सांगता येणार नाही. करवंदं निवडताना असेल, नाहीतर तुला ताप आला म्हणून मी रात्रपाळीच्या नर्ससारखी उशाशी बसले होते तेव्हा असेल. पण केलं, आक्का. पूर्ण केलं. तुला सांगायला पाच वर्षं होती आणि मी ते सांगितलं नाही. तुझी चूक तू कबूल केलीस. माझी ही चूक मी आता कुणापुढं कबूल करू?

रविवारी मी येते. नीलेशच्या लेकीला पाळण्यात मीच घालीन. ती मोठी झाली की तुझ्याबद्दल विचारील. तेव्हा तिची आज्जी देवी होती, असं मी सांगणार नाही. ती एकदा भ्याली, हे सांगेन. मग किती वर्षांनी का होईना भ्यायची थांबली, तेही सांगेन. आणि तिची काकीआज्जी उत्तर द्यायला किती उशीर करून बसली, हेही तिच्यापासून लपवणार नाही. शब्द देते.

तुझी धाकटी जाऊ,
सुमन