कुंडी जिना उतरते

वन्सं,

त्या सकाळी दूध तापवलं, केर काढला, बादलीभर कपडे वाळत घातले आणि यांच्या नेच्याला पाणी घालायला जिन्यालगतच्या गॅलरीत गेले, तर कठड्यावर कुंडीच नाही. (बघा, नमस्कार राहिलाच. तो घ्या. गुडघे कसे आहेत? मी धड आहे असं समजून पुढे वाचा.) कुंडी सापडली जिन्याच्या वळणावर, टाकीचा पाइप ठिबकतो त्या अंधाऱ्या कोपऱ्यात. वारा एक वेळ पडदा उडवेल, कुंडी घेऊन पंधरा पायऱ्या उतरणार नाही. शिवाय हे एकदा नाही, चारदा झालं.

हे नेचं तुम्हाला माहीत आहे. कड्याच्या पोटात, जिथं ऊन फिरकत नाही आणि कपारीतून पाणी झिरपत राहतं, तिथून यांनी ते ओल्या रुमालात गुंडाळून आणलं होतं. काळ्या केसासारखे देठ, इवल्याशा पंख्यांसारखी पानं, त्यांवर पाणी म्हणून ठरत नाही. हे होते तोवर ते न्हाणीघराच्या खिडकीत असायचं आणि मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. हे गेल्यावर वाटलं, यांची एवढी एकच जिवंत वस्तू, ती कोपऱ्यात कशाला? म्हणून घरातल्या सगळ्यात चांगल्या उन्हात ठेवली. तेव्हापासून ती वाळतेय. यांनी हिरवं ठेवलेलं माझ्या हातून जायला नको, एवढंच मला पाहिजे.

संशय कुणाचा, तर खालच्या घड्याळजींचा. निवृत्त माणूस, हात रिकामे. डोळ्याला भिंग लावून पानं उलटून बघताना मी त्यांना दोनदा पाहिलंय. आणि ते बघून गेले की पानांच्या खालच्या कडेला तपकिरी ठिपके! नक्की काहीतरी टाकतात. मी दात घासायच्या जुन्या ब्रशाला साबण लावून एकेक ठिपका घासून काढला. (शंभरेक पानं होती, वन्सं.) मग कुंडीला बारीक दोरा बांधून दुसरं टोक कठड्याला बांधलं आणि दाराआड उभी राहिले. तिसऱ्या दिवशी दोरा तुटला. जिन्यात गाठलं, तर कुंडी त्यांच्या काखेत.

"मुद्देमालासकट सापडलात," मी म्हणाले.

"वहिनी, उन्हात भाजताय तुम्ही त्याला."

"माझं झाड, माझं ऊन!"

"आणि साबणानं घासता ते? अहो, त्याला फुलं येत नाहीत, बिया येत नाहीत. जी काय पोरंबाळं व्हायची ती त्या ठिपक्यांतून."

चोराच्या उलट्या बोंबा! मी तडक वाचनालयात गेले आणि वनस्पतींचं जाडजूड पुस्तक काढलं. ते शब्दन्‌शब्द घड्याळजींच्या बाजूनं बोलत होतं. सावली हवी, ओल हवी, तळाला विटेचे तुकडे हवेत. मला शंका आलीच. पुस्तकामागची नोंदीची चिठ्ठी पाहिली, तर माझ्याआधी त्यांनीच नेलेलं! म्हणून कुणीच न नेलेलं दुसरं पुस्तक काढलं. त्यातही तेच. दोन-दोन पुस्तकं फितवण्याइतका हा माणूस उद्योगी नाही, हे कबूल करावं लागलं.

घरी येऊन ब्रश फेकला. न्हाणीघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. कुंडी तिथं परत ठेवावी म्हटलं, तर जागा कोरडी ठणठणीत. दोन माणसांच्या पाण्यानं तिथं ओल राहायची. एकटीच्या बादलीनं राहत नाही.

तुमची भावजय

ता.क. घड्याळजींना यातलं काही बोललेले नाही. माफी मागितली तर शेफारतील.

ता.क. आता मुद्द्याचं. मागच्या खेपेला तुम्ही गेलात त्या दिवशी कुंडीतला एक गड्डा कमी झाला होता, आणि तुमच्या पिशवीला ओल्या मातीचा वास होता. चोरलंत असं म्हणत नाही, भावाची वस्तू. पण माझ्याकडे आता चारच देठ उरलेत. तुमचं जगलं असेल तर त्यातलं अर्धं ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवा. जगलं नसेल तर कळवू नका.

ता.क. काल पत्र पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी मीच कुंडी उचलली आणि जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवली.